आगगाडी गेली, सायकल आली : स्पेनच्या पाइनबनातील विटांची गावे

व्यापार-उद्योगाच्या पानावर सायकलच्या सफरीचे काय काम, असे आमचे काही वाचक म्हणतील. आपल्याकडे सायकल हे दूधवाल्याचे, पाववाल्याचे, भंगारवाल्याचे वाहन. ज्याला स्कूटर परवडत नाही तो सायकल मारतो. युरोपात मात्र मोटार घरी ठेवून आठ-आठ दिवस सायकलवर हिंडणारा एक मोठा वर्ग आहे. तो घाईत नसतो, दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर जातो, वाटेत थांबतो, खातो, मुक्काम करतो आणि रोख पैसे मोजतो. असे गिऱ्हाईक ज्या गावातून जाते त्या गावातल्या छोट्या दुकानदाराला काय मिळते, हे आम्हाला पाहायचे होते. त्यासाठी आम्ही स्पेनमधील कस्टीलचा मुलूख निवडला. तेथे सपाट जमिनीवर पाइनची बने आहेत, जुनी गावे आहेत, आणि त्या गावांत जे पाहायला लोक येतात ते बरेचसे मुस्लिम गवंड्यांच्या परंपरेतले काम आहे. आमच्या कारागीर वाचकांना सांगण्यासारखी गोष्ट खरे तर हीच आहे.

रुळांच्या जागी वाट

माद्रिदच्या वायव्येला सेगोव्हिया नावाचे शहर आहे. रोमनांनी चुन्याशिवाय नुसता दगडावर दगड रचून बांधलेला तेथील पाणी वाहून नेणारा कमानींचा पूल जगप्रसिद्ध आहे. या शहरातून मेदिना देल काम्पोकडे जाणारी रेल्वे १८८४ साली सुरू झाली. तिने शंभर वर्षे धान्य, लाकूड आणि बिरोजा वाहिला. पुढे मालट्रक आले, प्रवासी घटले आणि १९९३ साली ही लाइन बंद पडली. त्याच वर्षी स्पेनमध्ये बंद रेल्वेमार्गांवर पायी व सायकलने जाण्यासाठी वाटा करण्याची योजना निघाली. तेथे त्यांना 'हिरव्या वाटा' म्हणतात. देशभरात अशा वाटा आता तीन हजार किलोमीटरांहून जास्त झाल्या आहेत. सेगोव्हियापासून ओल्मेदोपर्यंतची एरेस्मा नदीच्या खोऱ्यातली वाट त्यातलीच एक. ती सुमारे सत्तर किलोमीटर आहे.

आगगाडीला चढ चालत नाही, म्हणून तिच्या वाटेवर सायकलस्वारालाही चढ लागत नाही. साधी गोष्ट आहे, पण सारा धंदा तिच्यावर उभा आहे. साठीची जोडपी, लहान मुले घेऊन निघालेले आईबाप, आमच्यासारखे पोट सुटलेले लोक, सर्वांना ही वाट जमते. सेगोव्हिया हजार मीटर उंचीवर आहे आणि ओल्मेदो त्याहून दोनशे-सव्वादोनशे मीटर खाली. म्हणून सेगोव्हियाकडून निघावे. उतार इतका मंद की डोळ्यांना दिसत नाही, फक्त पायांना कळतो.

सुरुवातीला गव्हा-जवाची उघडी शेते लागतात. सावली कोठे नाही. मग वाळूमिश्रित जमीन सुरू होते आणि पाइनचे बन दोन्ही बाजूंनी जवळ येते. हिमालयात ज्याला चीड म्हणतात त्याच कुळातली ही झाडे. जमीन टेबलासारखी सपाट, झाडाखाली झुडूप फारसे नाही, त्यामुळे नजर खोडांमधून लांबवर जाते. ऊन तापले की राळेचा वास येतो. या भागाला स्पॅनिश भाषेत पाइनबनांचा मुलूखच म्हणतात, आणि तो सेगोव्हिया व वायादोलिद या दोन जिल्ह्यांत मुख्यतः पसरला आहे. ताशी दहा-बारा किलोमीटरच्या चालीने आम्ही हा टप्पा दोन दिवसांत केला. तरबेज माणूस एका दिवसात करील, पण मग तो गावात थांबणार नाही आणि गावाला त्याचा उपयोगही नाही.

झाडाला चीर, खाली मडके

या बनात झाडांची खोडे नीट पाहावीत. पुष्कळ खोडांवर एका बाजूची साल तासलेली दिसते आणि खाली एक कुंडी अडकवलेली असते. हा बिरोज्याचा धंदा. आपल्याकडे झाळकाम करणाऱ्यांना राळ माहीत आहे, रंगाऱ्यांना टर्पेंटाइन माहीत आहे. दोन्ही येतात एकाच झाडाच्या चिकापासून. चिकाचे ऊर्ध्वपातन केले की साधारण सत्तर टक्के राळ निघते, वीसेक टक्के टर्पेंटाइन. व्हार्निश, शाई, साबण, गोंद, कागद, अगदी सारंगी-व्हायोलिनच्या गजाला लावायची राळ, असा तिचा खप.

काम मार्चच्या सुमारास सुरू होते आणि हिवाळा येईपर्यंत चालते. कामगार आधी जाड साल तासतो. मग दर पंधरवड्याला एका हत्याराने आडवी चीर देतो आणि चीक वाहता राहावा म्हणून तिच्यावर गंधकाम्लाचा लेप लावतो. चीक कुंडीत उतरतो. एका झाडापासून वर्षाला तीन-चार किलो मिळतो. एक माणूस चार-पाच हजार झाडे सांभाळतो. म्हणजे दिवसभर झाडामागून झाड, वाकून, उन्हात. १८६०च्या दशकापूर्वी खोडाच्या बुंध्याला खड्डा पाडून चीक गोळा करत आणि झाड लवकर मरे. मग पिएर ह्यूग या फ्रेंच माणसाची पद्धत आली. उथळ चीर, पत्र्याची पन्हळ आणि खाली मातीचे भांडे. झाड दीर्घकाळ जगू लागले आणि आसपासच्या कुंभारांना भांड्यांचे काम मिळाले.

१९६०च्या आसपास हा धंदा शिगेला होता. नंतर तेलापासून बनवलेली स्वस्त राळ आली, चीनचा माल आला. मजुरी वाढली, भाव पडला. १९९०च्या दशकात बहुतेक कुंड्या रिकाम्या लटकत होत्या. २००८ साली स्पेनमध्ये बांधकामाचा फुगा फुटला तेव्हा गवंडी, सुतार, प्लंबर बेकार झाले. त्याच सुमारास चीनचा माल महागला आणि ही तरुण मंडळी आजोबांचे हत्यार घेऊन परत बनात गेली. आता ब्राझीलचा माल बाजारात आल्याने भाव पुन्हा दबले आहेत. हा काही वर जाणारा सरळ रस्ता नाही. पण एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटली. बरीच बने कोणा एका धनिकाची नाहीत. मध्ययुगात गाव आणि त्याभोवतीच्या खेड्यांचे मिळून जे सामाईक मंडळ असे ते कोका व क्वेयार येथे आजही कायम आहे आणि बनाचे उत्पन्न त्याच्याकडे जमा होते. त्यामुळे पडत्या काळातही झाडे एकदम विकली गेली नाहीत. सायकलस्वाराला आज जी सावली मिळते ती अशी राहिली.

विटांचा किल्ला

कोका हे दोन हजारांहूनही कमी वस्तीचे गाव. तेथील किल्ला पाहताच आम्ही सायकलवरून उतरलो. इतका मोठा किल्ला आणि तो जवळजवळ सगळा विटांचा! पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात आलोन्सो दे फोन्सेका या सेव्हियाच्या आर्चबिशपाच्या घराण्याने तो बांधवला. खोल खंदक, दुहेरी तट, आणि प्रत्येक बुरुजाला लागून बहुकोनी छोटे बुरुज. विटा उभ्या, आडव्या, तिरप्या बसवून अशी नक्षी काढली आहे की दुरून विणकाम वाटावे. मुख्य गवंडी म्हणून अली कारो याचे नाव घेतले जाते. पक्का करारनामा मात्र हाती नाही. मालकाचे नाव निश्चित, कारागिराचे 'म्हणतात'. हा अनुभव आपल्याकडचाही आहे.

असे काम करणाऱ्या मुस्लिमांना 'मुदेहार' म्हणत. मूळ अरबी शब्द 'मुदज्जन', म्हणजे मागे राहिलेला, अमलाखाली आलेला. १०८५ साली तोलेदो पडले, मुलूख ख्रिस्ती राजांकडे गेला, पण जे मुस्लिम राहिले त्यांना मशिदी, काझी आणि धंदा सांभाळून राहण्याची मुभा होती, कर देऊन. त्यांतले अनेक गवंडी, सुतार, कुंभार होते. या सपाट मुलखात चांगला दगड लांबून आणावा लागे आणि तो घडवणारा पाथरवट महाग पडे. माती पायाखाली होती, भट्टीला पाइनचे सरपण शेजारी होते. मुदेहार कारागिराने हाच हिशेब मांडला. विटा पातळ, आणि दोन विटांमधला चुन्याचा थर जवळजवळ विटेइतकाच जाड. त्यामुळे विटा कमी लागत, काम लवकर उठे. दगडातली मूर्ती-वेलबुट्टी विटेत होत नाही, म्हणून त्याने आंधळ्या कमानींच्या रांगा, करवतीच्या दातांसारख्या कंगोऱ्या आणि चौकटी यांनी भिंत सजवली. वर छताला पाइनच्या पट्ट्या एकमेकींत गुंफून तारकांची नक्षी. माल स्वस्त, हात महाग. गिऱ्हाईक चर्च असो की सरदार, काम त्यालाच मिळे.

त्या बाजाराच्या खुणा स्पॅनिश भाषेत अजून सापडतात. गवंड्याला आल्बान्यिल म्हणतात, तो आपला 'अल-बन्ना'. मुख्य कारागिराला आलारिफे, तो 'अल-आरिफ'. गोदामाला आल्मासेन, म्हणजे 'अल-मखजन'. जकात नाक्याला आदुआना, तो 'दीवान'वरून. आणि आपल्या मार्केट यार्डात रोज जो क्विंटल तोलला जातो त्याचे मूळही अरबी 'किंतार'च. युरोपने तो उचलला आणि फिरून आपल्याकडे पाठवला.

सेगोव्हियाच्या मुस्लिम वस्तीत पंधराव्या शतकात ईसा बिन जाबिर नावाचे फकीह होते. कस्टीलच्या मुस्लिमांची अरबी सुटत चालली होती. म्हणून त्यांनी १४६२ साली धर्माचे नियम लोकांच्या बोलीत, म्हणजे कस्टीलच्या भाषेत लिहून काढले. जवळच्या अरेवालो गावचा एक लेखक पुढच्या शतकात होऊन गेला. तो स्पॅनिशच लिही, पण अरबी लिपीत. त्याचे खरे नाव आज ठाऊक नाही, 'अरेवालोचा तरुण' एवढेच. मराठी बोलणाऱ्या मुस्लिम वाचकाला या दोघांची अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

१५०२ साली कस्टीलच्या मुस्लिमांना फर्मान निघाले, धर्म सोडा नाही तर देश सोडा. जे वरवर ख्रिस्ती होऊन राहिले त्यांच्या वंशजांनाही १६०९ ते १६१४ या काळात देशाबाहेर काढले. सुमारे तीन लाख माणसे गेली. विटा तेथेच राहिल्या. किल्ल्यात आता वनविद्येची शाळा भरते. गावातील पोरे ज्या बनावर जगायचे ते बन सांभाळायला त्या भिंतींच्या आत शिकतात. तिकीट काढून किल्ला पाहता येतो. आम्ही गेलो तेव्हा दाराशी वीसेक सायकली टेकवलेल्या होत्या.

ओल्मेदो, पेद्राहास, क्वेयार

कोकाहून ओल्मेदो अर्ध्या दिवसाचे. येथे नगरपालिकेने १९९९ साली एक मजेशीर बाग उघडली. त्या प्रांतातील मुदेहार चर्चे, किल्ले, दरवाजे यांच्या वीसेक लहान प्रतिकृती, तशाच छोट्या-छोट्या विटा रचून बांधलेल्या. प्रथम आम्हाला पोरखेळ वाटला. जवळ जाऊन पाहिले तर सांधेसुद्धा बरोबर. मोठ्या इमारतीपुढे उभे राहून जी रचना कळत नाही ती येथे कमरेच्या उंचीवर कळते. पोरांना घेऊन आलेली कुटुंबे येथे दोन-तीन तास मोडतात, आणि दोन-तीन तास म्हणजे जेवणाची वेळ गावातच होणार.

तेथून पूर्वेला वळले की रेल्वेची वाट संपते आणि बनातल्या रस्त्यांनी जावे लागते. झाडेही बदलतात. ही छत्रीसारखी गोल माथ्याची, चिलगोज्यासारखे बी देणारी जात. पेद्राहास दे सान एस्तेबान हे गाव या बियांच्या व्यापाराचे केंद्र आहे. आपल्या सुकामेवा बाजारातला किन्नौरचा चिलगोजा लांबट असतो, हा थोडा आखूड आणि पांढरा. शंकूसारखी फळे हिवाळ्यात उतरवतात, उन्हाळ्यात अंगणात पसरतात, उमलली की बी झाडून काढतात आणि मग कवच फोडतात. शंभर किलो फळांतून जेमतेम चार किलो पांढरा गर निघतो. अमेरिकेतून आलेल्या एका ढेकणासारख्या किड्याने अलीकडे तेवढाही निघेनासा झाला आहे. किरकोळ बाजारात किलोला पन्नास युरोहून जास्त द्यावे लागतात. सायकलवाल्याला किलो नको असतो. पन्नास ग्रॅमची पुडी पाठीवरच्या पिशवीत मावते, आणि किलोच्या हिशेबाने पुडीत जास्त मिळते हे दुकानदाराला कोणी शिकवावे लागत नाही.

शेजारचे ईस्कार गाव लाकडी दरवाज्यांसाठी नावाजलेले. बांधकाम थांबले तेव्हा दरवाजेही थांबले आणि या गावाने मोठा फटका खाल्ला. आम्ही तेथे रेंगाळलो नाही. वाळूत चाके रुतून दम निघाला होता.

क्वेयार मात्र दोन दिवसांचे गाव आहे. तटबंदी, किल्ला, आणि सान आन्द्रेस, सान एस्तेबान, सान मार्तिन ही विटांची चर्चे. सान मार्तिनमध्ये मुदेहार कलेची माहिती देणारे केंद्र केले आहे. किल्ल्यात माध्यमिक शाळा भरते आणि सुट्टीच्या दिवशी नाटकवजा फेरी काढून तो दाखवतात.

गिऱ्हाइकाचे पोट आणि दुकानाचे दार

खाण्याची अडचण झाली, हे सांगितले पाहिजे. सेगोव्हियाची ख्याती भाजलेल्या डुकराच्या पिलावर, आणि साध्या डाळ-चण्याच्या रश्श्यातही त्याचा तुकडा असतो. मिठाईतही चरबी असते, विचारल्याशिवाय घेऊ नये. आम्ही बटाट्याचे जाड आम्लेट, मासे, मेंढीच्या दुधाचे चीज, पाव आणि फळे यांवर दिवस काढले. या खेड्यांत हलाल खानावळ आम्हाला भेटली नाही. मोरोक्कोतून आलेली बरीच कुटुंबे या देशात स्थायिक झाली आहेत, युरोपातून सहलीला येणारे मुस्लिमही आता दिसतात. मुस्लिम कारागिरांच्या नावाने गिऱ्हाईक बोलवायचे आणि मुस्लिम गिऱ्हाइकाला आम्लेटवर ठेवायचे, हा धंद्याच्या दृष्टीनेही घाटा आहे.

दुसरी अडचण टायरची. शहरातल्या एका दुकानाने आम्हाला गुळगुळीत रस्त्याच्या पातळ टायरची सायकल भाड्याने दिली आणि वाट 'अगदी पक्की' असल्याचे सांगितले. वाट दाबलेल्या मुरमाची आहे, कडेला वाळू. तिसऱ्या दिवशी दुपारी अडीचला पंक्चर झाले. गावात पोचलो तर दुकान बंद. दोन ते पाच सगळेच बंद. पुण्याच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. चर्चच्या विटांच्या सावलीत बसून आम्ही मोजले, तेवढ्या वेळात पाच-सहा सायकलस्वार पाण्याच्या नळाशी थांबले, पाणी प्यायले आणि पुढे गेले. एकही पैसा गावात पडला नाही.

हिशेब असा आहे. मोटारवाला सकाळी शहरातून येतो, किल्ला पाहतो, संध्याकाळी परत जातो. सायकलवाल्याला सामान वाहता येत नाही, म्हणून त्याला दर दोन तासांनी काहीतरी विकत घ्यावे लागते, आणि रात्री तो कोठे पोचला असेल तेथेच राहतो. दोघांच्या खोलीला पन्नास-साठ युरो, वर नाश्ता, जेवण, पाव, तेल, पंक्चर. रक्कम लहान, पण ती पावाच्या भट्टीपासून खानावळीपर्यंत वाटली जाते. अर्थात एवढ्यावर गाव उभे राहत नाही. तरुण माणसे वायादोलिदला आणि माद्रिदला जातच आहेत. सायकलमुळे बंद पडणारी भट्टी चालू राहील, नवी उघडेल असे आम्हाला दिसले नाही.

कारागिरांसाठी एक गोष्ट वेगळी नोंदवतो. १९८५ पासून स्पेनमध्ये कार्यशाळा-विद्यालये निघाली. बेकार तरुणांना भत्ता देऊन जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवरच गवंडीकाम, सुतारकाम, लोहारकाम शिकवायचे. शिकणे आणि दुरुस्ती एकाच खर्चात. चुन्याचा सांधा कसा भरावा, कमानीला आधार कसा द्यावा, हे हात हरवले होते. ते हात असे पुन्हा तयार केले गेले.

जाणाऱ्यांसाठी : मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. ऑगस्टमध्ये ऊन फार, आणि क्वेयारला महिन्याच्या शेवटी बैलांची जत्रा असल्याने खोली मिळणे कठीण. जाड टायरची सायकल मागून घ्यावी, पंक्चरचे सामान जवळ ठेवावे. पाणी प्रत्येक गावात भरून घ्यावे. दुपारचे खाणे दोनच्या आत विकत घेऊन ठेवावे, नंतर दुकाने पाचलाच उघडतात.